संगणक न म्हणता बँकेत आलेला संगणक : खतावणी यंत्राची गोष्ट (धागा)

१/
८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि बँक कर्मचाऱ्यांच्या प्रमुख संघटना यांच्यात एक करार झाला. या करारानंतर सरकारी बँकांच्या शाखांत एक नवे यंत्र येऊ लागले. त्याला कळफलक होता, पडदा होता, स्मृती होती, जोडीला छपाईयंत्र होते. तरीही त्याला संगणक म्हटले जात नव्हते. त्याचे नाव होते ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’, म्हणजेच प्रगत खतावणी यंत्र. बँकेत त्याला ‘एएलपीएम’ म्हणत.

२/
संगणकाला संगणक म्हणायचे का टाळले गेले? या एका प्रश्नात स्वतंत्र भारतातील सार्वजनिक क्षेत्राच्या यंत्रीकरणाचा बराचसा इतिहास सामावला आहे. त्यात कलकत्त्यातील एका इमारतीबाहेरचा पहारा आहे, मुंबईतील धनादेशांचे ढीग आहेत, १९९२ चा रोखे घोटाळा आहे आणि सामान्य खातेदाराच्या व्याजाचा हिशोबही आहे.

३/
प्रथम त्या काळची शाखा डोळ्यांसमोर आणू या. खातेदार काउंटरवर चेक देई. कारकून त्याला पितळी टोकन देई. चेक खतावणीच्या जाडजूड वहीपाशी जाई. तेथे खात्याचे पान उघडून रक्कम नावे टाकली जाई, नवी शिल्लक हाताने काढली जाई. मग अधिकारी नोंद आणि सही तपासून चेक मंजूर करी. त्यानंतर रोखपाल टोकनाचा क्रमांक पुकारी. एवढ्या प्रवासाला कधी पंधरा मिनिटे लागत, कधी तास.

४/
खरे कष्ट दुपारनंतर सुरू होत. दिवसभराची व्हाउचरे मोजून कीर्द आणि खतावणी यांचा ताळा जुळवावा लागे. एका पैशाचा फरक आला तरी शोध सुरू. सहामाहीचे व्याज काढताना तर शेकडो पाने एकेक करून पालथी घातली जात. ताळा न जुळलेल्या वह्या मागे पडत आणि थकबाकी साचत जाई. ही थकबाकी म्हणजे निव्वळ आळस नव्हता. कामाचा व्याप माणसांच्या आवाक्याबाहेर गेला होता.

५/
हा व्याप वाढला कशाने? १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वेळी देशात व्यापारी बँकांच्या सुमारे ८,२०० शाखा होत्या. १९९० पर्यंत हा आकडा साठ हजारांच्या घरात गेला. बँक तालुक्यात पोहोचली, बाजारपेठेच्या गावात पोहोचली. खाती वाढली, लहान कर्जे वाढली, ड्राफ्ट वाढले. हिशोबाची पद्धत मात्र बहुतांश जुन्याच वळणाची राहिली.

६/
सर्वांत मोठे दुखणे होते आंतरशाखीय ताळमेळ. नागपूरच्या शाखेने काढलेला ड्राफ्ट पुण्यात वटला, की दोन्हीकडच्या नोंदी टपालाने मुख्य कार्यालयात जात आणि तेथे कोणीतरी त्या एकमेकींशी जुळवत असे. लाखो नोंदी जुळवायच्या शिल्लक राहत. न जुळलेली नोंद ही केवळ दिरंगाई नसते, अफरातफर लपण्याची ती सोयीची जागा असते. यंत्र हवे, असे वाटण्यामागे हे एक ठोस कारण होते.

७/
मग यंत्राला विरोध का झाला? त्यासाठी आणखी मागे, १९६० च्या दशकात जावे लागेल. आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये स्थापन झाले. २४५ विमा कंपन्या आणि संस्था त्यात विलीन झाल्या होत्या. पॉलिसींचे प्रचंड काम उरकण्यासाठी महामंडळाने आयबीएमचे संगणक आणायचे ठरवले. मुंबईनंतर पाळी कलकत्त्याची होती.

८/
कलकत्त्यात ‘इलाको हाऊस’ या इमारतीत संगणक बसवला जाणार होता. विमा कर्मचाऱ्यांनी त्या इमारतीभोवती रात्रंदिवस पहारा बसवला. यंत्र आत जाऊच द्यायचे नाही, असा निर्धार होता. महामंडळाला अखेर तेथील बेत सोडावा लागला. कामगार चळवळीच्या स्मृतीत हा लढा विजय म्हणून नोंदला गेला. पुढील वीस वर्षे सरकारी कार्यालयांत ‘संगणक’ या शब्दाला त्या पहाऱ्याची आठवण चिकटून राहिली.

९/
कर्मचाऱ्यांचा प्रश्न साधा होता : शंभर जणांचे काम यंत्र करणार असेल, तर ते शंभर जण कुठे जाणार? हा प्रश्न सरकारलाही टाळता आला नाही. केंद्र सरकारच्या स्वयंचलनविषयक समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर हे या समितीचे अध्यक्ष होते. ‘भारतातील दारिद्र्य’ या विषयावर नुकतेच मूलगामी काम केलेल्या अभ्यासकाकडे यंत्रांचा प्रश्न सोपवला जावा, यातच त्या काळाचा दृष्टिकोन दिसतो. तेव्हा संगणक हा तंत्रज्ञानाआधी रोजगाराचा विषय होता.

१०/
१९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत या भीतीला चेहराही होता. १८ जानेवारी १९८२ पासून गिरणी कामगारांचा संप सुरू होता आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले होते. त्या संपाची कारणे वेगळी होती, यंत्राशी त्याचा थेट संबंध नव्हता. पण गिरणगावातील ज्या घरांत वडील गिरणीत आणि मुलगा बँकेत, तेथे बँकेतील नोकरीचे मोल काय होते, हे वेगळे सांगायला नको.

११/
अशा वातावरणात १९८३ चा करार झाला. त्यामागचे सूत्र असे : यंत्रे येतील, पण मर्यादेत. कोणाचीही नोकरी जाणार नाही. यंत्र चालवणाऱ्याला विशेष भत्ता मिळेल. कोणत्या प्रकारची यंत्रे किती आणि कुठे बसवायची, हे व्यवस्थापन एकतर्फी ठरवणार नाही. थोडक्यात, यंत्राची क्षमता कारखान्यात ठरण्याआधी वाटाघाटीच्या टेबलावर ठरली.

१२/
त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. समितीच्या विषयातही ‘यांत्रिकीकरण’ हा सौम्य शब्द होता. शिफारस तीन पायऱ्यांची होती : शाखेत खतावणी यंत्रे, विभागीय कार्यालयात लघुसंगणक आणि मुख्य कार्यालयात मोठा संगणक. ज्या पायरीवर कर्मचारी सर्वाधिक, त्या पायरीवर यंत्र सर्वांत लहान, अशी ही रचना होती.

१३/
खतावणी यंत्र काम कसे करी? ठरावीक खात्यांचा एक गट एका यंत्राकडे सोपवलेला असे. व्हाउचर आले, की चालक खाते क्रमांक आणि रक्कम कळफलकावर टाकी. यंत्र नवी शिल्लक काढी आणि नोंद ठेवी. दिवसअखेर सर्व व्यवहारांची यादी छापून मिळे आणि ताळा आपोआप जुळलेला असे. ज्या कामासाठी कारकुनांना रात्री थांबावे लागे, ते काम छपाईयंत्राच्या करकर आवाजात उरकू लागले.

१४/
एक मोठी मर्यादा होती. ही यंत्रे सुटी होती. शेजारच्या टेबलावरील दुसऱ्या यंत्राशीही त्यांचे बोलणे नसे, मग दुसऱ्या शाखेचे तर दूरच. बचत खात्यांचा एक गट या यंत्रात, दुसरा त्या यंत्रात. पूर्ण शाखेचे चित्र पाहायचे तर छापील याद्या एकत्र करून पुन्हा माणसालाच बेरीज करावी लागे. शिवाय यंत्रावर विश्वास बसेपर्यंत जुन्या वह्याही समांतर लिहिल्या जात. काही काळ तरी यंत्राने काम कमी करण्याऐवजी दुप्पट केले.

१५/
या यंत्रांचा एक अनपेक्षित परिणाम मात्र दूरगामी ठरला. बँकांच्या खरेदीसाठी ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली प्रमाण मानली गेली. सरकारी बँका हा मोठा ग्राहक. साहजिकच भारतीय संगणक कंपन्या युनिक्सकडे वळल्या आणि त्यात प्रवीण असलेले अभियंते देशात तयार होऊ लागले. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या जडणघडणीत सरकारी बँकेतील खतावणीचा असाही वाटा आहे. तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

१६/
दुसरा बदल धनादेशांच्या समाशोधनात झाला. मुंबईत रोज येणाऱ्या चेकचे ढीग हाताने बँकेनुसार, शाखेनुसार लावणे अशक्य होत चालले होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईसह चार महानगरांत चुंबकीय शाईतील अक्षरे वाचणारी यंत्रे आली. आजही चेकच्या तळाशी पाहा. तेथील विचित्र वळणाचे आकडे म्हणजे त्या बदलाची खूण. नऊ अंकी संकेतांकातील पहिले तीन अंक शहराचे असतात : मुंबईसाठी ४००, पुण्यासाठी ४११. पिनकोडची सुरुवातही तीच, हा योगायोग नाही.

१७/
आता कथेतील कठीण वळण. एप्रिल १९९२ मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांच्या वृत्ताने रोखे घोटाळा उघडकीस आला आणि हर्षद मेहता हे नाव घराघरांत पोहोचले. शेअर बाजाराची चर्चा पुष्कळ झाली. पण घोटाळ्याची वाट कुठून गेली, हे पाहिले तर पुन्हा एक खतावणीच सापडते.

१८/
सरकारी रोख्यांचे व्यवहार बँका एकमेकींशी करत. कोणत्या बँकेकडे किती रोखे, याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक ऋण कार्यालयात असे. ही खतावणी हाताने लिहिली जाई. व्यवहार झाल्यावर नोंद पक्की होण्यास वेळ लागे. तोवर काम अडू नये म्हणून बँका ‘बँक रिसीट’ नावाची पावती देत : रोखे विकले आहेत, कागद तयार होताच देऊ. व्यवहाराचा वेग दिवसाचा आणि नोंदीचा वेग आठवड्याचा झाला, की मधल्या अंतरात कोणीही उभा राहू शकतो. काही पावत्यांच्या मागे रोखेच नव्हते.

१९/
रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने सुमारे ४,००० कोटी रुपयांचा हिशोब लागत नसल्याचे दाखवले. येथे एक विसंगती नजरेत भरते. ज्या रिझर्व्ह बँकेच्या समितीने १९८४ मध्ये गावोगावच्या शाखांना खतावणी यंत्रे सुचवली, तिच्याच घरातील देशातील सर्वांत मोलाची खतावणी १९९२ मध्येही हाताने लिहिली जात होती. त्यामुळे उशिराचे खापर एकट्या कर्मचारी संघटनांवर फोडता येत नाही. विलंबाची सवय वरपर्यंत पोहोचली होती.

२०/
त्यानंतर चित्र वेगाने बदलले. डिसेंबर १९९२ मध्ये सी. रंगराजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. ऑक्टोबर १९९३ मध्ये बँका आणि संघटना यांच्यात पुढचा करार झाला आणि संगणकीकरणावरची बंधने सैल झाली. १९९४-९५ मध्ये नव्या खासगी बँका सुरू झाल्या. त्यांना जुन्या वह्या नव्हत्या, जुने करार नव्हते. त्यांनी थेट संगणकावरच दप्तर मांडले. सरकारी बँकेच्या रांगेत टोकन घेऊन बसलेला खातेदार आता समोरच्या रस्त्यावरील एटीएमकडे पाहू लागला.

२१/
अखेरचा मोठा रेटा आला तो अनपेक्षित दिशेने. १९९८ मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सरकारी बँकांना सांगितले : १ जानेवारी २००१ पर्यंत किमान ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणा. भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणाऱ्या पदावरून हा आदेश का निघावा? कारण उघड होते. न जुळलेल्या नोंदी, उशिरा लिहिलेल्या वह्या, हाताने बदललेले आकडे यांत गैरव्यवहार लपत होता. १९६० च्या दशकात रोजगाराचा विषय असलेला संगणक १९९० च्या दशकाअखेर सचोटीचा विषय झाला होता.

२२/
२००० च्या दशकात ‘कोअर बँकिंग’ आले. शाखाशाखांतील सुटे हिशोब एका मध्यवर्ती प्रणालीत गेले. तोवर खातेदार हा ‘अमुक शाखेचा’ असे, आता तो बँकेचा झाला. सांगलीत भरलेले पैसे ठाण्यात काढता येऊ लागले. मार्च २००४ मध्ये आरटीजीएस आणि पुढील वर्षी एनईएफटी सुरू झाले. नागपूरहून पुण्याला टपालाने जाणारी नोंद आता काही तासांत पोहोचू लागली, आरटीजीएसने तर जवळपास तत्काळ.

२३/
आणि ती जुनी भीती? यंत्र आल्याने नोकरी गेली का? करारातील शब्द पाळला गेला, थेट कपात झाली नाही. परंतु २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. त्याला संगणक हे एकमेव कारण नव्हते. स्पर्धा होती, वेतनखर्च होता, सुधारणांचे धोरण होते. तरी त्यांतील कित्येकांनी पूर्वी ज्या खतावण्या लिहिल्या होत्या, त्या तोवर यंत्रात गेल्या होत्या, हेही तितकेच खरे. इलाको हाऊसबाहेर विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर पस्तीस वर्षांनी, हप्त्याहप्त्याने मिळाले.

२४/
या इतिहासाच्या दोन सोप्या कथा नेहमी सांगितल्या जातात. एक म्हणते, संघटनांनी देश वीस वर्षे मागे नेला. दुसरी म्हणते, संघटनांनी लाखो घरे वाचवली. कागदपत्रे दोन्ही कथांना पुरती साथ देत नाहीत. वाटाघाटींमुळे बदल संथ झाला. पण याच वाटाघाटींमुळे तो मोठा संघर्ष न होता झाला, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळाले आणि ज्यांना कळफलक पाहून घाम फुटे, त्यांतीलच अनेकांनी पुढे तो सराईतपणे हाताळला. किंमत मात्र दोन्हीकडे मोजली गेली. कर्मचाऱ्यांनी ती उशिरा मोजली. खातेदाराने रोज, नकळत मोजली.

२५/
खातेदाराने मोजलेली किंमत कोणती? बचत खात्यावरील व्याजाचा नियम आठवा. अनेक वर्षे व्याज रोजच्या शिलकीवर मिळत नसे. महिन्याची दहा तारीख ते महिनाअखेर या काळातील सर्वांत कमी शिल्लक धरली जाई. समजा एखाद्या शिक्षिकेच्या खात्यात महिनाभर वीस हजार रुपये आहेत आणि पंचविसाव्या दिवशी मुलाच्या फीसाठी तिने अठरा हजार काढले. तिला त्या महिन्याचे व्याज दोनच हजारांवर मिळे. उरलेल्या रकमेने चोवीस दिवस बँकेसाठी काम केले, ते हिशोबात येतच नसे.

२६/
हा नियम हाताने लिहिलेल्या खतावणीला सोयीचा होता. प्रत्येक खात्याचे रोजचे व्याज कारकुनाने काढणे शक्यच नव्हते. महिन्याला एक आकडा शोधणे शक्य होते. पण वह्या गेल्या, खतावणी यंत्रे आली, तीही गेली, मध्यवर्ती संगणक आले, तरी नियम तसाच राहिला. रिझर्व्ह बँकेने तो बदलला आणि १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झाले. १९८३ च्या करारानंतर सत्तावीस वर्षांनी.

२७/
सार्वजनिक क्षेत्रात यंत्र पोहोचले म्हणजे आधुनिकीकरण झाले, असे मानण्याची घाई आजही होते. कार्यालयात किती संगणक बसवले, किती टॅब वाटले, याचे आकडे लगेच जाहीर होतात. बँकांचा इतिहास वेगळी मोजपट्टी सुचवतो. यंत्र आल्यानंतर जुन्या वहीसाठी केलेले नियम कोणते उरले, आणि त्यांचा भार कोण वाहत आहे, हे पाहावे. खतावणी यंत्रे केव्हाच भंगारात गेली. त्यांनी ज्यांची पाने भरली, त्या खातेदारांना पूर्ण व्याज मिळायला मात्र २०१० उजाडावे लागले.

(धागा समाप्त)